चढणीचा मासा: स्कॉटलंडच्या तळ्यावर सॅमन पकडून पुन्हा पाण्यात का सोडतात?

गणपती उरकले की देवरुखहून मावशीचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की तिचा ठरलेला प्रश्न असतो, "मग, मिळाला का रे मासा यंदा?" यंदा मी म्हटलं, "मिळाला. तीन किलोचा तरी असेल. मादी होती." मावशीचा आवाज लगेच फुलला. "गाभोळी होती?" होती, म्हटलं, पोटभर होती. "मग केलंत काय?" सोडून दिला, म्हटलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग मावशी हळूच म्हणाली, "आजारी होता काय रे?"

फोनवर मला तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहितो. हा प्रश्न एकट्या मावशीचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जगभरच्या जीवांची स्थिती नोंदवणाऱ्या 'आययूसीएन' संस्थेने आपल्या रेड लिस्टमध्ये ग्रेट ब्रिटनमधल्या जंगली सॅमनला 'संकटग्रस्त' ठरवलं. त्या बातमीपासून ग्लासगोतले आमचे मराठी मित्रही विचारतात. संकटात आहे, तर तुम्ही त्याला गळ टाकताच कशाला? आणि सोडायचाच आहे, तर पकडता कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. उत्तरासाठी आधी तो मासा कुठून येतो आणि कुठे निघालेला असतो, हे पाहावं लागतं.

लॉख म्हणजे तळंही आणि खाडीही

स्कॉटलंडमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्याला 'लॉख' म्हणतात, आणि समुद्र डोंगरांत आत शिरून जी खाडी होते तिलाही लॉखच म्हणतात. या एका शब्दाने बातम्या वाचणाऱ्याचा फार गोंधळ होतो. सॅमनची शेती चालते ती मुख्यतः खाऱ्या लॉखमध्ये. मी ज्याबद्दल सांगतोय ते गरवणं चालतं गोड्या लॉखवर. गरवणं हा कोकणातला शब्द, गरी टाकून मासा धरणं. इथे हौसेने हेच करणाऱ्यांना अँगलर म्हणतात. मी त्यांना गरवणारेच म्हणणार.

आमचं तळं म्हणजे लॉख लोमंड. लांबी ३६ किलोमीटर, पसारा ७१ चौरस किलोमीटर, पृष्ठभागाच्या हिशेबात ग्रेट ब्रिटनमधलं सगळ्यांत मोठं. दक्षिणेकडे ते रुंद, उथळ आणि बेटांनी भरलेलं आहे. उत्तरेकडे डोंगरांच्या मध्ये अरुंद होत जातं आणि तिथे खोली १९० मीटरपर्यंत जाते. दक्षिण टोकाला बॅलोख गावापाशी लेव्हन नावाची छोटी नदी तळ्यातून बाहेर पडते आणि डम्बार्टनजवळ क्लाइडच्या खाडीला मिळते. आग्नेय कोपऱ्यात एंड्रिक नदी तळ्यात येऊन पडते. समुद्रातून लेव्हनमध्ये, तिथून तळ्यात, तळ्यातून एंड्रिकमध्ये. सॅमनची वाट ही अशी. तळं हा त्या वाटेवरचा मुक्काम आहे.

(लेव्हनचं एक सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात या नदीकाठी कापड रंगवण्याचे मोठाले कारखाने होते. तिथलं 'टर्की रेड' नावाचं पक्क्या लाल रंगाचं कापड गठ्ठेच्या गठ्ठे मुंबईच्या बाजारात उतरायचं आणि त्यावर हत्ती, मोर, देवदेवता असलेली रंगीत लेबलं लावलेली असायची. आपल्या पणज्यांच्या पेटीत कधीकाळी असलेलं लाल कापड या माशाच्या वाटेवर धुतलं गेलं असण्याची शक्यता बरीच आहे.)

चढणीचा मासा

मिरगाचा पाऊस जोरात लागला की कोकणात ओढे, वहाळ गढूळ होऊन धावायला लागतात आणि त्या पाण्याच्या उलट्या दिशेने मासे वर सरकतात. भाताच्या खाचरांपर्यंत येतात. बांधावर कंदील घेऊन उभं राहिलेल्या कुणालाही चढणीचा मासा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अंडी घालायला वरच्या, उथळ, सुरक्षित पाण्यात निघालेला मासा तो. सॅमन हा तसाच चढणीचा मासा. फरक इतकाच, की त्याची चढण खाडीपासून शेतापर्यंतची नाही, ती पार ग्रीनलंडपासूनची आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत मादी एखाद्या ओढ्याच्या तळाशी शेपटीने खडीत खळगा करते, त्यात अंडी सोडते, नर त्यावर बीज सोडतो आणि मादी पुन्हा शेपटीनेच खडी लोटून ती झाकते. पिल्लं वसंतात बाहेर पडतात. दोन-तीन वर्षं ती त्या ओढ्यातच राहतात, बोटभर लांब, अंगावर गडद पट्टे. मग एका एप्रिल-मे महिन्यात त्यांच्यात बदल होतो. पट्टे जातात, अंग चांदीसारखं होतं, खारं पाणी सोसण्यासाठी शरीर आतून बदलतं. या टप्प्यातल्या पिल्लाला 'स्मोल्ट' म्हणतात. लांबी जेमतेम १२-१४ सेंटिमीटर. एवढंसं पोर प्रवाहाबरोबर समुद्रात जातं आणि उत्तरेला नॉर्वेच्या समुद्राकडे, फॅरो बेटांकडे, काही तर ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात.

एक हिवाळा समुद्रात काढून परतणारा मासा दोन-तीन किलोंचा असतो. दोन किंवा अधिक हिवाळे काढले तर बराच मोठा. आणि परततो तो बहुतेक वेळा त्याच नदीत, पुष्कळदा त्याच ओढ्यात. जाताना त्याने आपल्या पाण्याचा वास लक्षात ठेवलेला असतो. भर समुद्रात पृथ्वीच्या चुंबकत्वावरून दिशा धरायची आणि किनारा जवळ आला की नाकाने घर शोधायचं, असं शास्त्रज्ञांना दिसलंय.

आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते, तशी ही माहेरची वाट आहे. पण या माहेरी जेवण नाही. गोड्या पाण्यात शिरल्यावर सॅमन खाणं थांबवतो. समुद्रात जमवलेल्या चरबीवर त्याला महिनोन्महिने काढायचे असतात, धबधबे चढायचे असतात आणि गाभोळी वाढवायची असते. अंडी घातल्यावर बहुतेक मासे मरतात. थोडे जगतात आणि समुद्रात परत जातात. आपला हा अटलांटिक महासागरातला सॅमन. पॅसिफिक महासागरातले सॅमन मात्र अंडी घातल्यावर जवळजवळ सगळेच मरतात. माहितीपटांत अस्वलं धरताना दिसतात ते हे दुसरे.

जाता जाता एक गैरसमज. मुंबईच्या हॉटेलांत 'इंडियन सॅमन' म्हणून मिळतो तो आपला रावस. चवीला उत्तम, पण या माशाशी त्याचं काही नातं नाही.

एका गाभोळीचा हिशेब

सोडण्यामागचं सगळं गणित इथे आहे, म्हणून जरा थांबून पाहू. तीन किलोच्या मादीच्या पोटात ढोबळमानाने साडेचार हजार अंडी असतात. आकडा मोठा वाटतो. पण ओढ्याला पूर येतो, खडी वाहून जाते, मोठे मासे पिल्लं खातात, उन्हाळ्यात पाणी आटतं. शंभर अंड्यांतलं एक स्मोल्ट झालं तरी बरं चाललंय म्हणायचं. म्हणजे समुद्राकडे निघतात सुमारे ४५ पोरं.

साधारण पन्नास वर्षांपूर्वी समुद्रात गेलेल्या शंभरातले पंचवीसच्या आसपास परत येत. आपल्या ४५ पोरांतली अकरा. वंश चालू राहायला त्यांतली दोन पुरेत, एक नर, एक मादी. उरलेली नऊ म्हणजे व्याज. ते सील खाई, पाणमांजर खाई, जाळीवाला नेई, गळवाला नेई, तरी मुद्दल शाबूत राही. आज शंभरातले पाचही परत येत नाहीत. ४५ मधले जेमतेम दोन. व्याज संपलंय. आता तळ्यावर गळाला लागलेली प्रत्येक मादी ही मुद्दलातली आहे.

मी त्या दिवशी हातात धरलेली मादी तीन वर्षं ओढ्यात आणि एक वर्ष समुद्रात वाचून, सगळ्यांना चुकवून, शेवटच्या मुक्कामावर आली होती. तिच्या पोटात ते साडेचार हजार होते. मावशीला हे एवढंच सांगायचं होतं.

तळ्यावरचा तो दिवस

बाल्माहा गावातून आम्ही तिघं लाकडी नावेतून निघालो. एक निवृत्त बसचालक, वय सत्तरीच्या पुढे, पन्नास वर्षं याच तळ्यावर गरवतोय. दुसरी त्याच्याच गल्लीतली एक परिचारिका. तिसरा मी. नावाड्याला इथे 'गिली' म्हणतात, पण आमच्याकडे पगारी गिली नाही. वल्ही आळीपाळीने मारायची.

वाहत्या नदीत प्रवाहच गळ नेतो. तळ्यात प्रवाह नाही, म्हणून ते काम वाऱ्याकडून करून घ्यायचं. इंजिन बंद करून नाव वाऱ्याला आडवी धरायची आणि किनाऱ्याला समांतर वाहू द्यायची. याला ड्रिफ्ट म्हणतात. पाणी आरशासारखं शांत असेल तर घरी बसलेलं बरं. पाण्याला चांगली सुरकुती हवी, वर ढग हवेत. सॅमन मधल्या खोल पाण्यात बसत नाही. बेटांच्या कडेला, पुरुष-दीड पुरुष पाण्यात, बुडालेल्या खडकांपाशी थांबतो. कुठे थांबतो ते पिढ्यान्पिढ्या ठरलेलं असतं. म्हातारा किनाऱ्यावरचं एक पाइनचं झाड आणि मागच्या टेकडीचं टोक एका रेषेत आणतो आणि म्हणतो, "आता." नकाशा त्याच्या डोक्यात आहे. रत्नागिरीच्या तांडेलाला मी असंच डोंगर आणि देवळाचा कळस जुळवताना पाहिलंय.

दोरीला अंतरा-अंतरावर तीन 'माश्या' बांधलेल्या असतात. माशी म्हणजे गळावर पिसं, केस आणि चंदेरी तार गुंडाळून केलेलं खोटं आमिष. दोरी पुढे आठ-दहा मीटरच फेकायची, हळूहळू ओढायची आणि शेवटी काठी उचलून वरची माशी पाण्याच्या अंगावरून नाचत आणायची. पुन्हा फेकायची. सकाळी नऊपासून दुपारी अडीचपर्यंत आम्ही एवढंच केलं. पावसाची एक सर आली, गेली. चहाचा थर्मास रिकामा झाला.

मग वरच्या माशीमागे पाणी फुगलं. उसळी नाही, आवाज नाही, नुसता एक फुगवटा आणि त्यात तांबूस चमक. म्हातारा माझ्याकडे न बघता म्हणाला, "थांब, तिला वळू दे." मला काठी झटकायची होती, पण थांबलो. दोरी ताठ झाली आणि रीळ ओरडायला लागलं.

पुढचं सगळं घाईत झालं आणि घाईतच व्हायला हवं होतं. मासा दमवत ठेवायचा नाही. परिचारिकेने मऊ, बिनगाठीचं जाळं पाण्यात धरलं, मादी त्यात आली, आणि जाळं पाण्यातच राहिलं. चिमट्याने गळ काढला. गळाची उलटी आकडी आधीच दाबून सपाट केलेली होती, त्यामुळे तो अलगद सुटला. मग मी ओल्या हातांनी एक हात शेपटीच्या मुळाशी आणि एक पोटाखाली धरून तिला पाण्यात सरळ ठेवलं. समुद्रातली चांदी जाऊन अंगावर जुन्या तांब्यासारखी झाक आली होती. कल्ले उघडत-मिटत होते. बोटं बधिर झाली. बराच वेळ ती नुसती तशी राहिली, आणि मग हातात एक जोर जाणवला, तिचा. सोडलं. ती खाली गेली, घाई न करता.

म्हातारा वहीत लिहीत होता. तारीख, जागा, अंदाजे वजन, मादी, सोडली. या वहीबद्दल पुढे सांगतो.

खातच नाही, तर गळाला लागते कशी?

याचं एकच ठाम उत्तर शास्त्रात नाही. काहींच्या मते समुद्रातल्या खाण्याची सवय जागी होते, तोंड आपोआप उघडतं. काहींच्या मते आपल्या जागेत घुसलेल्याला हुसकावणं असतं. लहान पोर नवीन वस्तू तोंडात घालून बघतं तसं कुतूहलही असेल. म्हातारा म्हणतो की नुकताच तळ्यात आलेला मासा पटकन लागतो आणि महिनाभर बसलेला नाकासमोर माशी नाचवली तरी ढुंकून बघत नाही. तळ्यावर दिवसेंदिवस रिकाम्या हाताने परतावं लागतं ते यामुळेच. भुकेल्या माशाला आमिष दाखवणं आणि उपाशी राहायचं ठरवलेल्या माशाला डिवचणं, यात फार अंतर आहे.

तळं कोणाचं, मासा कोणाचा?

स्कॉटलंडमध्ये सॅमन गरवण्याचा हक्क ही जमिनीपासून वेगळी स्थावर मालमत्ता आहे. नदीकाठची जमीन तुमची असेल, पण त्या पाण्यातल्या सॅमनचा हक्क दुसऱ्याच कुणाच्या नावे असू शकतो. आपल्याकडे बाग एकाची आणि आंबा खंडाने दुसऱ्याचा, तसं. फक्त इथे तो खंड एका मोसमाचा नसतो. हक्क विकता येतो, वारसाने मिळतो. परवानगीशिवाय सॅमनला गळ टाकणं हा गुन्हा आहे. आमच्यासारखे लोक संघटनेचे सभासद होऊन किंवा दिवसाचं परमिट घेऊन जातात.

रविवारी सॅमन गरवायला कायद्यानेच मनाई आहे. गळाने धरलेला सॅमन विकायला २००२ पासून बंदी आहे. १ एप्रिलच्या आधी धरलेला प्रत्येक सॅमन सोडलाच पाहिजे. २०१६ पासून सॅमनच्या स्थितीवरून नद्यांची दरवर्षी प्रतवारी होते आणि ज्या नदीची प्रत तिसरी, म्हणजे सगळ्यांत खालची, तिथे वर्षभर सोडणं सक्तीचं. त्याच वर्षापासून किनाऱ्यावर जाळ्यांनी सॅमन धरून ठेवणंही थांबलं.

पण कायद्यापेक्षा रीत जास्त बदलली आहे. १९९४ मध्ये गरवलेल्या दहा माशांतला एकही धड सोडला जात नव्हता. २०२३ मध्ये शंभरातले ९६ सोडले गेले. ज्या बापाने मुलाला काठीने माशाचं डोकं ठेचायला शिकवलं, त्याच्या डोळ्यांदेखत मुलाने सोडायला शिकणं सोपं नसतं. आमच्या म्हाताऱ्याने पहिला मासा सोडला तेव्हा घरी कुणी विश्वास ठेवला नव्हता. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे.

दुकानात तर ढीग पडलेत!

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. सुपरमार्केटमध्ये गुलाबी तुकड्यांच्या राशी असतात, पुण्या-मुंबईत सुशीत सॅमन मिळतो, मग दुर्मीळ कसा? कारण तो सगळा शेतातला. प्रजाती तीच, पण जन्म टाकीत आणि वाढ समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात. भारतात येणारा बहुतेक नॉर्वेतला असतो. स्कॉटलंडही वर्षाला दीड लाख टनांहून जास्त पिकवतं. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. २०२३ मध्ये अख्ख्या स्कॉटलंडमध्ये गळाने धरलेले जंगली सॅमन सुमारे ३३ हजार, त्यांतले ९६ टक्के सोडलेले. घरी गेले ते हजार-दीड हजार. दुकानातली कोंबडी भरपूर आहे म्हणून रानकोंबडी सुखरूप आहे, असं कुणी म्हणत नाही.

उलट शेतीचा उपद्रवच आहे. एका जागी लाखो मासे कोंडले की अंगावर बसणाऱ्या समुद्री उवा वाढतात. मोठ्या माशाला दोन-चार उवा सोसतात. त्याच खाडीतून बाहेर पडणाऱ्या बोटभर स्मोल्टला त्या जीवघेण्या ठरतात. पिंजऱ्यातून सुटलेले मासे जंगली माशांशी जुळतात आणि पुढच्या पिढीचा काटकपणा कमी होतो. वायव्येकडचं लॉख मरी सी-ट्राउटसाठी, म्हणजे सॅमनसारख्याच समुद्रात जाऊन परतणाऱ्या त्याच्या भाऊबंद माशासाठी, फार नावाजलेलं होतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी तिथले मासे कोसळले, त्याच सुमारास खालच्या खाडीत, लॉख यूमध्ये, शेती सुरू झाली होती. गरवणारे शेतीला दोष देतात, शेतीवाले मान्य करत नाहीत. या उद्योगावर किनाऱ्याच्या कितीतरी गावांच्या चुली पेटतात, हेही खरं. माझ्या मते बंद टाक्यांत शेती न्या, हाच मार्ग आहे, महाग पडला तरी.

मग मासे जातात कुठे?

एकच खलनायक शोधणाऱ्याची इथे निराशा होते. १९६२ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर वाहत्या जाळ्यांनी सॅमन धरायला बंदी आली. १९८४ मध्ये उत्तर अटलांटिकच्या देशांनी मिळून 'नॅस्को' ही संघटना उभारली आणि भर समुद्रातली मासेमारी जवळजवळ आवरली. तरी परतणारे मासे घटतच राहिले. म्हणजे जाळ्यांच्या पलीकडे काहीतरी बिघडलंय.

समुद्र तापतोय. उत्तरेच्या थंड पाण्यात जवळ्याहूनही बारीक, चरबीने भरलेले जे जीव असतात, ते आणखी उत्तरेला सरकले आणि त्यांच्या जागी कमी पोषणाचे आले. त्यांच्यावर जगणारे छोटे मासे रोडावले, आणि त्यांच्यावर वाढणारा स्मोल्टही. ओढे तापतायत, कारण मेंढ्या आणि हरणांनी काठावरची झाडी केव्हाच खाऊन टाकली. म्हणून आता नदीकाठी झाडं लावण्याची कामं मोठ्या प्रमाणावर सुरू आहेत.

धरणं आहेतच. पिटलोख्री इथल्या धरणाला १९५१ मध्ये माशांसाठी जिना बांधला, ३१० मीटर लांब, ३४ कुंड्यांचा. पर्यटक हा जिना बघायला येतात. गंगेवर फरक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला आणि अलाहाबादपर्यंत चढणारा हिलसा खालीच अडला. त्या आठवणीपुढे हा जिना बघताना बरं वाटतं, पण जिना म्हणजे नदी नव्हे, प्रत्येक पायरीवर वेळ आणि ताकद जातेच.

बिघडलेलं सुधारतंही. कारखान्यांच्या घाणीने क्लाइड नदीतला सॅमन नाहीसा झाला होता. पाणी स्वच्छ केल्यावर शंभरेक वर्षांनी, १९८३ मध्ये, तो परत दिसला.

सोडलेला मासा खरंच जगतो?

थंड पाणी, झटपट ओढलेला मासा, सपाट आकडी, पाण्यातच ठेवलेलं जाळं, एवढं पाळलं तर बहुतेक जगतात आणि अंडी घालतात. सोडलेल्या माशांच्या अंगात रेडिओ टॅग बसवून हे तपासलेलं आहे. फोटोसाठी हवेत उचलून धरलेला मासा मात्र गुदमरतो. आपण शंभर मीटर धावून आल्यावर कुणी तोंड दाबून धरावं, तसं ते आहे. पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की त्यात प्राणवायू कमी होतो, आणि मग नीट सोडलेलाही मरू शकतो. अशा दिवशी आम्ही जात नाही. जे जातात त्यांच्याशी म्हातारा बोलत नाही.

मग गरवणंच बंद का करत नाही?

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रातली मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेआधी कोळी होडी लोटत नाहीत, कारण मासा विणीला असतो. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे कुणी धरत नाही. मग इथे विणीला निघालेल्या माशाला गळ का? मलाही हा प्रश्न टोचतो. २००३ मध्ये एडिनबराजवळच्या रोझलिन संस्थेतल्या संशोधकांनी ट्राउटच्या तोंडाभोवती वेदना जाणणारे मज्जातंतू दाखवून दिले. स्वित्झर्लंडमध्ये तर सोडायच्या इराद्याने गरवायलाच मनाई आहे. माशाला काही वाटत नाही, असं म्हणून सुटका करून घेता येत नाही.

तरी मी बंदीच्या बाजूचा नाही, आणि कारण त्या वहीत आहे. स्कॉटलंडमध्ये कुठे किती सॅमन लागले याची सरकारी नोंद १९५२ पासून आहे, आणि ती हक्कदारांनी आणि गरवणाऱ्यांनी भरून दिलेल्या आकड्यांवर उभी आहे. २०१० मध्ये लाखाच्या वर लागले, २०२३ मध्ये ३३ हजार, १९५२ पासूनचा सगळ्यांत कमी आकडा. पुढच्या वर्षी थोडा सावरला. पाऊस किती, गरवणारे किती, यावर हा आकडा हलतो. म्हणून तो माशांची शिरगणती नाही. पण धोक्याची घंटा याच वह्यांनी वाजवली. नद्यांची देखभाल करणाऱ्या, चोरट्यांवर पाळत ठेवणाऱ्या जिल्हा मंडळांचा खर्च गरवण्याच्या हक्कांवरच्या पट्टीतून निघतो. काठ्या गेल्या तर पैसा जाईल, आणि तळ्यावर रोज डोळे लावून बसलेली माणसंही जातील. एखाद्या ओढ्यात शेणाचं पाणी शिरलं की पहिला फोन आमच्यासारख्यांचाच जातो.

म्हणून माझी मर्यादा अशी: एका दिवसात एक मासा लागला की काठी बांधून ठेवायची आणि वल्ही घ्यायची. त्या दिवशी अडीच वाजताच मी वल्ह्यांवर बसलो.

ऑक्टोबरच्या शेवटी, मोसम संपायच्या सुमाराला, मी एंड्रिकवर गेलो, गार्टनेसला. तिथे नदी खडकांच्या पायऱ्यांवरून कोसळते आणि चढणारे सॅमन उघड्यावर दिसतात. आदल्या रात्री पाऊस झालेला, पाणी चहाच्या रंगाचं. काठावर पंधरा-वीस माणसं, एक बाबागाडी, दोन कुत्री. कुणी बोलत नव्हतं. एक तांबूस अंग फेसातून वर आलं, खडकावर आदळलं, मागे पडलं. पुन्हा आलं, पुन्हा पडलं. सहा-सात वर्षांची एक मुलगी बोटांवर मोजत होती. नवव्या वेळेला मासा वरच्या पाण्याच्या काठावर पडला, शेपूट दोनदा हलली, आणि तो दिसेनासा झाला. मुलीने वर बघून आईला विचारलं, आता तो कुठे जाणार? आईने वरच्या ओढ्याकडे बोट दाखवलं. मी फोन काढून मावशीला लावला आणि पाण्याचा आवाज ऐकवला.